तेवढं खाली लिहा

कुमुदमावशी गेल्याची बातमी मला एकाच आठवड्यात दोनदा कळली. पहिल्यांदा दुपारी, ओटावाच्या कनाटा भागातल्या ऑफिसच्या कॅफेटेरियात डबा उघडत असताना. दूरच्या रेजिना शहरातून तिच्या मुलाचा, समीरचा फोन आला. "मॉम पास्ड अवे धिस मॉर्निंग," एवढंच तो आधी म्हणाला, मग एकेक सांगितलं. मावशीच्या दारातला बर्फ तसाच पडून होता, म्हणून शेजारच्या बाईंनी बेल वाजवली होती. झोपेतच गेली, हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यांदा कळली ती चार-पाच दिवसांनी. पेपरमधली निधनवार्ता आली का ते पाहावं म्हणून मी तिचं नाव इंटरनेटवर टाकलं, तर सगळ्यात वर एक फोटो आला. एक तरुण सावळी मुलगी, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, केसांत कुणाचा तरी पंजा. जुन्या रक्तरंजित सिनेमांच्या शौकिनांचं ते एक पान होतं. खाली कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की आपल्या लाडक्या मोलकरणीने निरोप घेतला, तिच्या त्या अजरामर किंकाळीला सलाम. त्याखाली लाल बदाम आणि कवट्या.

आज तिचं नाव शोधलं तर हाच फोटो येतो. साठीच्या पुढची, कोथिंबिरीला अजूनही सांबार म्हणणारी, माझी घरमालकीण कुमुदमावशी कुठेच सापडत नाही. त्या सिनेमाचं नाव मी इथे देणार नाही, तिचं आडनावही नाही. बाकी सगळं समीरला विचारून लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर, हे कुठेतरी लिहिलं जावं ही तिचीच इच्छा होती. ती तिने दोघातिघांना बोलून दाखवली, फार वेळा दाखवली, आणि कुणी पुरी केली नाही.

मी मूळची अमरावतीची. ओटावाच्या कॉलेजात शिकायला आले तेव्हा आईच्या एका मैत्रिणीच्या ओळखीने मावशीचं बेसमेंट भाड्याने मिळालं. मी दारात उभी राहिले तर तिने आधी माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "हे जॅकेट होय? यात तू डिसेंबरपर्यंतही नाही टिकत," असं म्हणून ती मला बॅग खाली ठेवायच्या आत दुकानात घेऊन गेली. चाळीसहून जास्त वर्षं कॅनडात काढली होती तिने, पण बोली नागपूरचीच राहिली होती. 'करून राहिली', 'येऊन राहिला' ऐकलं की मला त्या परक्या गावात घरच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटायचं. काका तेव्हा होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, क्रॉसवर्ड सोडवणारे गृहस्थ. दोघांचा संसार इतका शांत होता की वर माणसं आहेत हे मला खाली नळाच्या आवाजावरून कळायचं. मावशीने कधी मोठ्याने हाक मारली नाही. मला वर बोलवायचं असलं की ती जिन्यातल्या दिव्याची दोनदा उघडझाप करायची. मी गेले की ओट्यावर सांबारवडी झाकून ठेवलेली असायची. "खा आणि जा अभ्यासाला," असं म्हणायची, पण जाऊ लागले की काहीतरी विचारून थांबवायची.

काका दुसऱ्या हिवाळ्यात गेले. समीर रेजिनाहून आला, त्यानेच पेपरात निधनवार्ता दिली. इथल्या रीतीप्रमाणे तीत पत्नीचं नाव होतं, आणि कंसात तिचं माहेरचं आडनावही. पुढचं सगळं त्या माहेरच्या आडनावामुळे झालं.

त्यानंतरच्या शरद ऋतूतली गोष्ट. शनिवारची सकाळ होती, मी वर तिच्याबरोबर चहा पीत होते आणि स्वयंपाकघरातला फोन वाजला. मावशी आधी इंग्रजीत बोलली, आणि मग अचानक एका वेगळ्याच भाषेत काहीतरी म्हणाली. दोनच वाक्यं, पण सफाईदार. ती इटालियन होती हे मला नंतर कळलं. तिने फोन ठेवला, माझ्या कपात चहा असताना त्यात परत चहा ओतला, तो बशीत, टेबलावर सांडत राहिला, आणि ती ओतत राहिली. मी तिच्या हातातली किटली काढून घेतली. "कोण होतं मावशी?" "एक पोरगा," ती म्हणाली. "फार खूश होऊन राहिला होता. म्हणे आम्ही तुम्हाला किती वर्षांपासून शोधून राहिलो."

नंतरचे कित्येक दिवस जिन्यातला दिवा लागला नाही. मीच वर जाऊन जेवलात का म्हणून विचारायची, ती हो म्हणायची, आणि गॅसवर काही चढल्याचं दिसायचं नाही. मग एका दुपारी, बाहेर पहिला बर्फ भुरभुरत असताना, तिने मला समोर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघून.

बी.ए. झाल्यावर ती रोमला होती, हे मला ठाऊकच नव्हतं. तिचे एक मामा तिथे नोकरीला होते, मामींना बाळ झालं होतं, मदतीला म्हणून ही गेली. भाषा शिकली, बाजारहाट करू लागली. एकदा मंडईत तिला एका माणसाने विचारलं, सिनेमात काम करशील का, मोलकरणीचं, दोन दिवसांचं. "मला काय वाटलं असेल सांग," मावशी म्हणाली. "धरमपेठेतली मुलगी मी. मला वाटलं, आता नागपूरला सगळ्या मैत्रिणींना पत्र लिहीन." मामींना तिने क्लासला जाते म्हणून सांगितलं. सिनेमा त्या काळी तिकडे धडाधड निघायचे तसला होता. गावाबाहेरच्या बंगल्यात गुंड शिरतात, घरातल्या बायकांचे हाल करतात, आणि शेवटी मालकीण एकेकाला गाठून सूड घेते. मोलकरीण सगळ्यांत आधी मरते. तिला समजावलं होतं ते एवढंच, की दोघं जण आत येतील, तू हातातला ट्रे पाड, पळ, एक जण तुला धरेल, आणि कॅमेरा थांबेल. तिने मामींच्या घरी, कुणी नसताना, ट्रे पाडायचा सराव केला होता.

कॅमेरा थांबला नाही. तिचा चेहरा खरा वाटावा म्हणून दिग्दर्शकाने त्या नटांना वेगळंच सांगून ठेवलं होतं आणि तिला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला खरं मारलं, फरफटत नेलं, कपडे फाडले... याहून जास्त तिने मला सांगितलं, ते मी लिहिणार नाही. मनगटाचं हाड मोडलं होतं. सगळं झाल्यावर दिग्दर्शक 'बास' म्हणाला आणि तिथे असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या अंगावर ब्लँकेट टाकलं, हातात कॉफीचा कप दिला. "आणि मी ग्रात्सिए म्हणाली," मावशीने सांगितलं. "ग्रात्सिए म्हणजे थँक यू. कप दिला म्हणून." मामींना ती जिन्यावरून पडले म्हणाली. महिन्याभरात नागपूरला परतली आणि कॅनडातल्या इंजिनियरचं स्थळ आलं त्याला, काही न विचारता, हो म्हणाली. काकांना तिने आयुष्यभर काही सांगितलं नाही. सिनेमाही कुठेतरी गाडला गेला असेल असं तिला वाटत होतं.

तो गाडला गेला नव्हता. टोरांटोतल्या एका छोट्या कंपनीने त्याची जुनी प्रिंट स्वच्छ करून नवीन डिस्क काढली होती. फोन त्यांच्याकडच्याच एका मुलाचा होता; सिनेमात तिचं माहेरचं नाव होतं, ते त्याला काकांच्या निधनवार्तेत सापडलं होतं. टोरांटोत खेळ होणार होता, आणि इटलीहून पाहुणा म्हणून एक जुना नट येणार होता. त्या दोघांपैकी एक, ज्याने तिला धरलं होतं तो. दुसरा केव्हाच वारला होता.

"तो येऊन राहिला," मावशी म्हणाली. "मला त्याला एकदा विचारायचं आहे."

"काय विचारणार?"

"आठवते का म्हणून."

मी तिला नको म्हणाले. समीरला सांगा म्हणाले. "समीरला काय सांगू? कोणत्या भाषेत सांगू?" असं तिने विचारलं. समीर तिच्याशी इंग्रजीत बोलायचा, ती त्याच्याशी मराठीत, आणि जेवण, हवामान, विंटर टायर असल्या गोष्टींना तेवढं पुरत होतं.

आम्ही ट्रेनने गेलो. टोरांटोजवळ वॉनला माझी एक मैत्रीण राहायची, तिच्या फ्लॅटवर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला गेलो. मावशी काकांच्या श्राद्धाला नेसली होती ती साडी नेसली होती, वरून लांब कोट. थिएटरात सगळी विशी-तिशीतली पोरं, काळे टी-शर्ट, हातात पॉपकॉर्न. वाईट नव्हती ती पोरं. एकाने मावशीसाठी दार धरलं, एकाने तिला कडेची खुर्ची दिली. फोनवाला मुलगा धावत आला, तिचा हात हातात घेऊन हलवत राहिला. तिला स्टेजवर बोलवू का म्हणून त्याने विचारलं. मावशी म्हणाली, "आफ्टर."

सिनेमा इटालियन होता आणि खाली इंग्रजी ओळी येत होत्या. तिचा प्रसंग लवकरच आला. मी डोळे मिटून घेणार होते, पण मावशी ताठ बसून पाहत होती, मग मला मिटता येईनात. ट्रे पडला. ती पळाली. आणि सगळं थिएटर भरून एक किंकाळी आली, उंच, लांबलचक, सुरात असावी अशी. मावशी माझ्या कानाशी आली. "हा माझा आवाज नाही," ती म्हणाली. "आवाज ते नंतर भरत. दुसऱ्या कुठल्या बाईचा भरला हा."

तेव्हा मी पहिल्यांदा पडद्यावरच्या मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते तोंड किंचाळत नव्हतं. ते बोलत होतं. ओठ मोठे होत होते, गोल होत होते, मिटत होते, परत तेच. आवाज एकीकडे चालला होता आणि ओठ दुसरीकडे. आणि मला ते वाचता आलं... लहानपणापासून घरात, वाड्यावस्तीत, बाजारात ऐकलेलं वाक्य वाचता येणारच. अहो, सोडा नं. दुखून राहिलं हो. अहो... अहो, सोडा नं. खाली पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द आला. किंकाळी.

शेकडो लोक बसले होते त्या अंधारात. जगभर किती जणांनी तो प्रसंग पाहिला असेल. त्या मोलकरणीने इटालियन बोलायला हवं होतं, आणि ती आमच्या विदर्भातलं मराठी बोलत होती. ती अभिनय करत नाहीये याचा पुरावा पडद्यावर सगळ्यांसमोर होता आणि तो वाचू शकणाऱ्या त्या थिएटरात आम्ही दोघीच होतो. मी मावशीचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

सिनेमा संपल्यावर नट स्टेजवर आला. ऐंशी पार केलेला म्हातारा, हातात काठी, शेजारी दुभाषी मुलगी. पोरांनी प्रश्न विचारले, त्याने मजेशीर उत्तरं दिली, हशा झाला. मग फोनवाल्या मुलाने घोषणा केली की एक खास पाहुणी आली आहे. सगळं थिएटर उभं राहिलं. मावशी पायऱ्या चढून गेली. माइक तिच्या उंचीला आणेपर्यंत टाळ्या चालूच होत्या.

ती इटालियनमध्ये बोलली. दुभाषी मुलीने इंग्रजी करायला माइक जवळ घेतला. मग हळू आवाजात तिने सांगितलं. "या विचारतायत, यांना मी आठवते का. या म्हणतायत, त्या दिवशी यांनी माझं मनगट मोडलं. मी सोडा म्हणत होते." म्हाताऱ्याने दुभाषीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. त्याला काही आठवत नव्हतं हे मला शेवटच्या रांगेतूनही कळलं असतं. तो म्हणाला, सिन्योरा, त्या वर्षी आम्ही इतके सिनेमे केले... दिग्दर्शकाला सगळं खरं हवं असायचं. माझ्याकडून लागलं असेल तर या म्हाताऱ्याला माफ करा. आणि तिचा हात उचलून त्याने त्याच्यावर ओठ टेकवले.

पोरांना ते फार आवडलं. काहींचे डोळे पाणावले होते. पुन्हा टाळ्या झाल्या, मघापेक्षा मोठ्या. माफी मागितली गेली, माफी मिळाली, आणि इतक्या वर्षांनी दोन म्हातारी माणसं भेटली, असं सगळ्यांना वाटलं. मावशी तिथे उभी होती. तिच्या तोंडून एक शब्द गेला, तो मला ऐकू आला नाही.

ओटावाला परतताना आम्ही ट्रेनमध्ये बसलो होतो. किंग्स्टन स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "पुन्हा ग्रात्सिए म्हणाली मी. तोंडातून निघूनच गेलं." आणि मग, "त्याला आठवत असतं नं, तर मी त्याला काही केलं असतं. आता कोणाला काय करू?"

त्या सिनेमातली मालकीण एकेकाला शोधून मारते, त्याचा शेवट होतो, दिवे लागतात. मावशीच्या वाट्याला असा कुणी उरलाच नव्हता. दिग्दर्शक मेलेला, एक नट मेलेला, दुसऱ्याची आठवण मेलेली. तिने एका वकिलाला विचारून पाहिलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि इतकी वर्षं, दुसरा देश, असं म्हणून हात जोडले. तेव्हा तिच्या मनाने एकच गोष्ट धरली. तिने टोरांटोच्या त्या मुलाला फोन केला. मी शेजारी बसले होते. सिनेमा बंद करा असं ती म्हणालीच नाही. "त्या सीनच्या खाली तुम्ही किंकाळी असं लिहिता," ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली, "ते खोडा. मी काय बोलतेय ते लिहा. मी सांगते तुम्हाला. एक ओळ आहे."

मुलगा नम्र होता. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. पण तो म्हणाला, "मॅम, सबटायटल्स फॉलो द साउंडट्रॅक." जे ऐकू येतं तेच खाली लिहितात. जे ऐकू येत नाही ते कसं लिहिणार? त्यापेक्षा तुमची एक मुलाखत घेऊ, पुढच्या डिस्कवर जादाचा भाग म्हणून टाकू, लोकांना फार आवडेल. मावशीने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत केला. मग परत. तिला वाटायचं आपल्याला नीट सांगता आलं नाही, इंग्रजी चुकलं, आज बरोबर सांगू. माझ्याकडून वाक्यं बसवून घ्यायची. नंतर नंतर तिकडून कुणी फोन उचलेना. ती तरी लावायची आणि रिंग वाजत असताना ओठांतल्या ओठांत वाक्य म्हणत बसायची.

नाताळच्या सुट्टीत समीर आला. तिने मला मुद्दाम वर बोलवून घेतलं आणि जेवणाच्या टेबलाशी त्याला सांगितलं, मराठीत, मधे मधे माझ्याकडे बघत, मी इंग्रजी करावं म्हणून. समीर उठला, कोट घातला आणि बाहेर जाऊन दारातला ड्राइव्हवे फावड्याने साफ करू लागला. तो सकाळीच साफ केलेला होता. बर्फ नसलेल्या जमिनीवर फावडं घासल्याचा आवाज आम्ही दोघी ऐकत बसलो. आत आला तेव्हा तो म्हणाला, "मॉम, आय विल सेंड देम अ लीगल नोटीस. आय विल मेक देम टेक इट डाउन."

"काढू नको," मावशी म्हणाली. "काढून ते नाहीसं होते का? लोकांच्या घरोघरी आहे. मी बोलून राहिली ते तेवढं खाली लिहा म्हणा."

"बट व्हाय? व्हॉट डिफरन्स डझ इट मेक? नोबडी नोज इट्स यू."

"लोक म्हणतात मी छान ओरडली," ती म्हणाली. "मी ओरडली नाही, समीर. मी विनवण्या करून राहिली होती."

त्याला 'विनवण्या' कळलं नाही. मी 'बेगिंग' असं सांगितलं आणि तो पुन्हा उठला. नंतर तो रेजिनाला गेला, दर रविवारी फोन करत राहिला आणि दोघांनीही तो विषय परत काढला नाही. तो तिला टाळत होता असं मी म्हणणार नाही. त्याला काय करावं ते सुचत नव्हतं, आणि काही सुचत नसलेलं माणूस हवामान विचारतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नोकरी लागली, मी कनाटाला राहायला गेले, गाडी घेतली. रविवारी तिला बाहेर काढायची. ती बारीक होत चालली होती. एकदा आम्ही नदीकाठी गाडी लावून बसलो होतो, दुपारची वेळ, आजूबाजूला कुणी नाही. मावशीने काचा वर करायला सांगितल्या. "मला ओरडून पाहायचं आहे," ती म्हणाली. "माझा कसा निघतो ते मला माहीतच नाही." मी काचा बंद केल्या. तिने पदर नीट केला, श्वास घेतला, तोंड उघडलं. घशातून खाकरल्यासारखा एक बारीक आवाज आला. परत प्रयत्न केला. मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं, तोंड तसंच उघडं राहिलं आणि काही आलं नाही. नदीवर कुणीतरी होडी वल्हवत गेलं. मावशी म्हणाली, "नाही निघत. चल घरी." त्यानंतर ती माझ्याबरोबर बाहेर आली नाही. फोन केला की ठीक आहे म्हणायची. डॉक्टरांची वेळ ठरवून दिली तर जायची नाही. औषधं घेते म्हणायची, गोळ्यांच्या बाटल्या भरलेल्या असायच्या. मी रागावले तर म्हणायची, "काय करायचं आहे गं आता." मार्चमध्ये समीरचा फोन आला.

अंत्यविधीनंतर समीर घर आवरायला राहिला होता. मी एका संध्याकाळी मदतीला गेले तर घर तसंच होतं, एकही खोका भरलेला नव्हता. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता, समोर लॅपटॉप. त्याने ती डिस्क विकत घेतली होती. मी आत गेले तेव्हा चित्र थांबवलेलं होतं, आणि ते कुठलं होतं हे मला पाठमोऱ्या त्याच्याकडे बघूनच कळलं. आवाज त्याने बंद केला होता. म्हणाला, पहिल्यांदा आवाजासकट पाहिलं आणि सहनच झालं नाही. आयुष्यात तिला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. लहानपणी रस्त्यावर पळालो तरी ती ओरडली नाही, धावत येऊन धरलं. मग मला कळलं, तो म्हणाला, हा तिचा आवाजच नाही. तेव्हापासून मी नुसतं तोंड बघतोय.

"व्हॉट इज शी सेइंग?" त्याने विचारलं. "यू कॅन टेल, राइट?"

मी सांगितलं. अहो, सोडा नं. दुखून राहिलं हो. इंग्रजी केलं, प्लीज लेट गो, इट हर्ट्स. तो म्हणाला, "नो, से इट अगेन. द फर्स्ट वर्ड." मी म्हटलं, "अहो."

"दॅट्स डॅड," समीर म्हणाला.

त्याला वाटायचं ते बाबांचं नाव आहे. आई दुसऱ्या कुणाला ते म्हणताना त्याने ऐकलंच नव्हतं. ओटावात तसं म्हणायला होतं तरी कोण? बालवाडीत वडिलांचं नाव विचारलं तेव्हा त्याने अहो असं सांगितलं होतं, आणि काका कितीतरी दिवस त्यावरून हसायचे. मी त्याला समजावून सांगितलं, की ते नाव नाही. मान द्यायचा त्या माणसाला म्हणतात. वडीलधाऱ्याला म्हणतात. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही म्हणतात. इंग्रजीत यासाठी शब्द शोधत राहिले, सर म्हटलं, मिस्टर म्हटलं, एकही बसेना.

"सो शी वॉज बीइंग पोलाइट," तो म्हणाला. "टू हिम."

मी हो म्हणाले. चांगल्या घरातली मुलगी होती. परक्या पुरुषाला एकेरी कसं बोलणार... हे मी मराठीतच म्हणाले आणि त्याला किती कळलं मला माहीत नाही. समीरने आता स्वतः त्या कंपनीला लिहिलं आहे, तेवढं खाली लिहा म्हणून. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही, येईल असं आम्हा दोघांनाही वाटत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दिवा लावायचा विसरलो. खोलीत उजेड होता तो फक्त लॅपटॉपचा, तिच्या थांबलेल्या चेहऱ्याचा. बराच वेळ कुणी हात लावला नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला. समीरने पटकन बोट लावलं. ती परत आली, तोंड उघडं, केसांत पंजा. त्याने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने पडदा पुन्हा काळा झाला, आणि त्याने पुन्हा बोट लावलं.